पालथ्या घागरींचा घाट

उंबरझरे आणि करंजवडे या दोन गावांच्या मधल्या माळावर एक तळं आहे. तळ्याला तीन घाट आहेत. पूर्वेचा करंजवड्याचा, पश्चिमेचा आमच्या उंबरझऱ्याचा. दोन्ही घडीव दगडांचे, रुंद, वरच्या पायरीला दिवा ठेवायला कोनाडे. तिसरा घाट दक्षिणेला, बांधाच्या बाजूला. त्याचे दगड घडीव नाहीत. माळावर जे सापडले ते आणून बसवल्यासारखे, आणि एक पायरी दुसरीसारखी नाही. त्या पायऱ्यांवर गोल गोल वळी उठलेली आहेत, घागरीच्या तोंडाएवढी. घागर बुडावर ठेवून असं वळं उठत नाही. ती तोंडावर, पालथी ठेवावी लागते, आणि पिढ्यान् पिढ्या ठेवावी लागते.

या घाटाची गोष्ट नामाआबा सांगतात. गावात पाहुणे आले की त्यांना सांगतात आणि नव्या सुना आल्या की त्यांनाही. आबांच्या हिशेबी दोन्ही एकच. मी ती यंदा चैत्रात ऐकली, नवी सून म्हणून. पुण्याहून आलेले कुणी पाहुणे होते, ते मधूनमधून फोटो काढत होते. आबा फोटोसाठी थांबत नाहीत. काठी बांधाच्या दगडाला टेकवतात आणि सुरू करतात. माझ्या सासूबाई माझ्या मागे बसल्या होत्या, त्यांनी ही गोष्ट कितव्यांदा ऐकली कोण जाणे, तरी पदर सावरून ऐकत होत्या.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा राज्य कुणाचं होतं असं एका पाहुण्यांनी विचारलं, तर आबा म्हणाले, "कुणाचं का असंना, पानी भराय राजा येत न्हवता."

तर त्या काळी या दोन गावांत पिढ्यांचं वैर होतं. कशावरून, यावर एकमत नाही. करंजवड्यात सांगतात, पोळ्याच्या मिरवणुकीत कुणाचा बैल पुढं यावरून. आमच्याकडे सांगतात, शिवेचा दगड त्यांनी हलवला. पण भांडण कुठूनही निघालं तरी येऊन ठेपायचं तळ्यावर, कारण उन्हाळ्यात आसपास टिकणारं पाणी तेवढंच. त्या लढायांचे वीरगळ अजून पश्चिमेच्या खिंडीत उभे आहेत. त्यांच्यावर घोडे आहेत, ढाली आहेत, वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आहेत. घागर एकावरही नाही. हे आबा सांगत नाहीत, मी बघून आले.

तह दोनदा झाले होते. पहिल्या तहात तळ्याच्या मधोमध रेघ ठरली, अर्धं पाणी यांचं, अर्धं त्यांचं. ठरवलं ते श्रावणात. श्रावणात तळं भरून गोल असतं. फाल्गुनात ते पश्चिमेला सरकतं, कारण खोलगट भाग तिकडेच आहे. करंजवड्याच्या वाट्याला भेगाळलेला गाळ आला आणि होळीच्या आत तह मोडला. दुसऱ्या तहात दिवस वाटले. एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. तह टिकावा म्हणून करंजवड्याच्या खेळोजी पाटलांनी आपली मुलगी ठकू उंबरझऱ्याच्या मानाजी पाटलांच्या थोरल्या मुलाला, हैबतीला दिली. म्हणजे ठकू ही त्या तहाचं एक कलमच होती. ती नांदली, तह नांदला नाही. एकदा करंजवड्याचा वार असताना उंबरझऱ्यात एक बाई बाळंत झाली. घरात पाणी नव्हतं. तिची सासू तांब्या घेऊन तळ्यावर गेली. तांब्याच, घागरसुद्धा नाही. राखणदारानं तिच्या हातावर काठी घातली. त्या तांब्यापायी दोन्ही गावांत मिळून इतके गडी पडले की त्या वर्षी पेरणीला माणसं पुरली नाहीत, असं सांगतात.

मग तिसऱ्या तहाची बोलणी निघाली. बैठक बसली ती या बांधावर, पिंपरणीच्या झाडाखाली. एका अंगाला मानाजी पाटील आणि त्यांचे हत्यारबंद गडी, दुसऱ्या अंगाला खेळोजी पाटील आणि त्यांचे. मध्ये विसोपंत जोशी, दोन्ही गावांचे, वेळ-मुहूर्त बघायला. दोन्ही पाटलांचं एका गोष्टीवर एकमत झालं. आधीचे तह मोडले ते धाक नव्हता म्हणून. तेव्हा वाटणी तीच ठेवायची, एक दिवस यांचा आणि एक दिवस त्यांचा. पण या खेपेला ओलीस द्यायचा. खेळोजींचा मुलगा रानबा, म्हणजे ठकूचा धाकटा भाऊ, उंबरझऱ्यात राहील. मानाजींचा धाकटा मुलगा लिंबा करंजवड्यात राहील. ज्या गावानं तह मोडला त्याच्या ओलिसाचं डोकं जाईल. शपथ घ्यायची अक्षय्य तृतीयेला, सूर्याच्या साक्षीनं. सूर्य मावळायच्या आत शपथ झाली नाही तर बोलणी मोडली असं समजायचं, आणि मग दोन्ही ओलीस ज्याच्या ताब्यात असतील त्याच्या तलवारीखाली.

ओलीस बोलणी चालू असतानाच पोचते झाले. रानबाला ठेवलं ते ठकूच्याच घरात, ओसरीवर. त्याच्यावर पहारा हैबतीचा, म्हणजे तिच्याच नवऱ्याचा. रिवाज असा की ओलिसाला पाहुण्यासारखं वागवायचं, ताटात पहिली भाकरी त्याची, आणि वेळ आली तर ज्यानं पहारा केला त्यानंच वार करायचा.

ठकू दोघांना शेजारी शेजारी वाढायची. एकाच्या मांडीवर तलवार आडवी.

"अक्का, आमटीत मीठ कमी हाय," रानबा म्हणाला.

"मुद्दाम कमी घातलंय," ती म्हणाली. "आमच्या मिठाला जागायची पाळी तुझ्यावर नको."

हैबतीनं खालची मान वर केली नाही. रानबा हसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. त्यानं पाणी मागितलं. ठकूनं तांब्या पुढं केला आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं ते असं, की आज आपला वार आहे म्हणून हा तांब्या भरलेला आहे. उद्या नसेल. वैशाख लागला की एका दिवसाचं पाणी दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंतही पुरत नाही, हे तिला माहीत होतं, कारण भरून आणणारी तीच होती. कुणाचं तरी मूल तापानं फणफणेल, कुणाची तरी म्हैस दाव्याला हिसके देईल, कुणीतरी चुकीच्या वारी तळ्याकडे जाईल. करंजवड्याचं कुणी गेलं तर रानबा. उंबरझऱ्याचं गेलं तर लिंबा, ज्याला ती लग्न होऊन आली तेव्हा अजून जावळ काढलं नव्हतं. म्हणजे हा तह झाला तरी तिचा भाऊ नाहीतर दीर जाणार होता आणि न झाला तरी जाणार होता. फरक काय तो थोड्या दिवसांचा.

तिनं सासऱ्यांना सांगून पाहिलं. मानाजी पाटील वाईट माणूस नव्हते. सुनेशी बोलताना आवाज चढवत नसत.

"मामंजी, दिवसाआड पान्यावर घर चालत न्हाई."

"सूनबाई, पान्याचं आमी बगतो. तुमी सैपाकाचं बगा."

"सैपाक पान्यातच व्हतो, मामंजी."

ते हसले, सून बोलायला चटपटीत आहे म्हणून घरात कौतुकानं सांगितलंसुद्धा, आणि बैठकीला निघून गेले.

इथं आबा नेहमी थांबतात आणि पाहुण्यांकडे बघतात. पाहुण्यांतले पुरुष हसतात. सासूबाई हसत नाहीत.

मग ठकू तळ्यावर बोलली. गाळाची माती न्यायला आलेल्या जनाई कुंभारणीशी. कुंभारवाडा कुठल्याच गावात नव्हता, मधल्या उतारावर होता, आणि मडकी दोन्हीकडे खपत. लढाईच्या दिवसांतही जनाईला कुणी अडवत नसे, कारण पाटलाच्या घरचे रांजणही तिचेच. बांधाखाली धुळा धनगराचा मेंढरांचा वाडा बसलेला होता, त्याच्याशीही बोलली.

"वार कसले," धुळा म्हणाला. "माझी मेंढरं वार पाळत न्हाईत. त्यास्नी अमूशा बी कळत न्हाई न् पुनव बी कळत न्हाई. तहान कळती."

"मग बैठकीत जाऊन सांग की, दादा."

"मला कोन बसू देतंय? मी ना तुमचा, ना त्यांचा. बैठकीत बसाय तलवार लागती, पोरी. माझ्यापाशी काठी."

शेवटी ती धोंडनाकाशी बोलली. धोंडनाक उंबरझऱ्याचा वेसकर, वेशीबाहेरच्या वस्तीतला. लढाई असो नसो, एका गावचा निरोप दुसऱ्या गावाला पोचवायचा तो त्यानंच, आणि शिवेवर पडलेली प्रेतं ओळखून घरोघर सांगायची तीही त्यानंच. त्या काळी त्याच्या माणसांना तळ्याला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतून दिलं तर पाणी. तो ठकूपासून अंतर राखून उभा राहिला आणि म्हणाला, "आमाला तर रोजचाच दुसऱ्याचा वार हाय, बाई. तुमचं आता सुरू झालं."

 

जनाई मडक्यांच्या पाटीबरोबर करंजवड्याला निरोप घेऊन गेली, रानबाच्या बायकोकडे, मंजुळेकडे. शपथेची रीत अशी होती की दोन्ही गावांतून एकेक सवाशीण तळ्यातून भरलेली घागर आणणार, दोन्ही पाटील एकमेकांच्या घागरीत हात बुडवणार आणि शपथ घेणार. उंबरझऱ्याची घागर ठकूची. करंजवड्याची मंजुळेची. जनाईनं निरोप सांगितला तेव्हा मंजुळा पाटीतली मडकी वाजवून बघत होती म्हणे. मग म्हणाली, "वन्संना सांग, माझं कुकू त्यांच्या वसरीवर हाय. इसरू नका म्हनावं." आणि जनाई उठायला लागली तशी म्हणाली, "घागर मी पालथी घालीन."

अक्षय्य तृतीयेला सकाळपासून बांधावर दोन्ही गावं जमली. ऊन असं की पिंपरणीची सावलीसुद्धा भाजत होती. पश्चिमेकडे रानबा उभा, त्याच्या खांद्यावर हैबतीचा हात. पूर्वेकडे लिंबा, त्याच्यामागे करंजवड्याचा पहारा. बोलणी शब्दाशब्दावर अडत होती. आधी हात कुणी बुडवायचा यावरच दुपार गेली. ऊन कललं तेव्हा एकदाचं जमलं, आणि मानाजी पाटलांनी घागरी आणायला सांगितलं.

पश्चिमेकडून ठकू आली, पूर्वेकडून मंजुळा. दोघी बांधावर चढल्या, दोन्ही बैठकींच्या मधल्या मोकळ्या जागेत आल्या, डोक्यावरच्या घागरी उतरवल्या आणि पालथ्या ठेवून त्यांच्यामागे खाली बसल्या. घागरीतून एक थेंब पडला नाही. त्या रिकाम्याच होत्या.

भरल्या दिवशी पालथी घागर. मयतीच्या घरी दिसावी तशी. 

"सूनबाई," मानाजी पाटील म्हणाले, "घागर भरून आना."

ठकू बसून राहिली.

मग मागून बायका यायला लागल्या. दोन्ही गावांच्या, आपापल्या घागरी घेऊन. त्यांतल्या कितीतरी एका गावच्या लेकी आणि दुसऱ्या गावच्या सुना. एकेकीनं घागर पालथी घातली आणि बसली. जनाई आली, तिनं कोरं मडकं पालथं घातलं. धुळा आला, काठी आडवी टाकून बसला. सगळ्यांच्या शेवटी, अंतर राखून, धोंडनाक आणि त्याच्या वस्तीतली माणसं बसली. बैठकीत आता दोनाच्या जागी तीन अंगं झाली होती, आणि तिसऱ्या अंगाकडे हत्यार नव्हतं.

खेळोजी पाटलांचा आवाज चढला. "मानाजी, तुमच्या सुनेनं बोलनी मोडायचा घाट घातला. शिकवलं कुनी?"

"सून माझी, लेक कुनाची?" मानाजी म्हणाले. "शिकवून तुमी धाडली. आन ती दुसरी तर तुमच्याच घरातली."

दोन्हीकडच्या मुठी तलवारींवर गेल्या. दोन्ही पाटलांना खरोखरच वाटत होतं की हा समोरच्याचा डाव आहे. बायका आपण होऊन बसतील, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

"पंत, सूर्य?" खेळोजींनी विचारलं.

विसोपंत खिंडीकडे बघून म्हणाले, "कासराभर उरलाय."

"सूनबाई, शेवटचं सांगतो. घागर भरा. तुमच्या भावाचा जीव त्या घागरीत हाय."

"ठावं हाय, मामंजी," ठकू म्हणाली. तेवढंच. तिनं घागरीचं बूड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना दिसलं, असं सांगतात.

मानाजींनी मान वळवली. "हैबती. ओलीस पुढं घे."

हैबती रानबाला घेऊन निघाला. तलवार उपसलेली. वाट ठकूच्या पुढून होती. तिच्यापाशी आल्यावर त्याचे पाय थांबले. तो खाली वाकला आणि हळू बोलला, पण बांधावर इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय हवंय तुला?"

ठकूनं वर बघितलं. "तुमी इच्यारू नका. तुमी इच्यारलं तर ते नवऱ्यानं बायकूला इच्यारलं, घरातच ऱ्हाईल. बैठकीनं इच्यारलं पायजे."

हैबती तसाच वाकलेला राहिला. मग सरळ झाला, आणि त्यानं रानबाच्या खांद्यावरचा हात काढला. बापाकडे बघून म्हणाला, "बाबा, इच्यारा."

रानबा मोकळा होता. त्याची माणसं, त्याचा बाप, चार ढांगांवर समोर. तो पळाला असता तर पोचला असता. पण मग लिंबाचं डोकं तिथंच खाली आलं असतं आणि त्यापुढं मोजायला कुणी उरलं नसतं. रानबानं इकडं तिकडं बघितलं आणि आपल्या बहिणीच्या आणि बायकोच्या मधे जाऊन मांडी घालून बसला.

"सरका जरा," म्हणाला. "घागर न्हाई माझ्याकडं, चालंल का?"

 पूर्वेकडून लिंबा उठला. पहाऱ्यानं त्याचा दंड धरला. आता सगळे खेळोजींकडे बघायला लागले. त्यांचा स्वतःचा मुलगा मोकळा समोर बसला होता आणि मानाजींचा पोरगा लिंबा तेवढा अजून त्यांच्या हातात होता. खेळोजींनी पहाऱ्याकडे मान वळवली. "सोड त्याला," म्हणाले. लिंबा आला आणि वहिनीच्या मागे बसला.

एवढं झालं तरी दोन्ही पाटील विचारेनात. आधी विचारेल तो वाकला, असा हिशेब. आणि सूर्य खिंडीत टेकला होता. बोललेला शब्द तसाच होता. मावळला की बोलणी मोडली. आता ओलीस बायकांच्या घोळक्यात होते, एवढाच फरक; मागच्या रांगांतले तरणे गडी घोळक्यासाठी थांबले असते असं नाही. त्यांतल्या कित्येकांचे भाऊ त्या तांब्यापायी गेले होते. सूर्याची कड बारीक झाली. मग ठिणगीएवढी. मग खिंडीत नुसता उजेड राहिला.

आबा इथं काठी उचलतात आणि पश्चिमेला रोखतात. "आन तवा," आबा म्हणतात, "त्या दिशी सूर्यनारायन थांबला. ठकूसाठी खिंडीत थांबला. मावळंचना."

पाहुण्यांनी खिंडीचे फोटो काढले. सासूबाई माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "सूर्य कशाला थांबतोय. जोशी थांबला."

त्या जे सांगतात ते असं. सगळ्या बांधानं मावळता सूर्य बघितला आणि सगळ्यांनी माना वळवून विसोपंतांकडे बघितलं, कारण वेळ सांगायची ती त्यांनी. विसोपंत भित्रा माणूस होता. दोन्ही गावांची दक्षिणा चालू राहावी म्हणून त्यांनी जन्मात कुणाला नको ते सांगितलं नव्हतं. ते खिंडीकडे बघत राहिले, त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला, आणि ते म्हणाले, "अजून आहे."

खेळोजी पाटील म्हणाले, "पंत, नीट बगा."

"बघतोय. अजून आहे."

 सूर्य तर नव्हता. समोरच्या माणसाचं तोंड धूसर व्हायला लागलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या अंगाकडून धुळा म्हणाला, "हाय की. मलाबी दिसतोय."

"मला बी," जनाई म्हणाली.

मग बायकांतून, इकडून तिकडून, हाय, हाय. मग एकदम शेवटून धोंडनाकाचा आवाज, "हाय जी." आणि मग पश्चिमेकडच्या हत्यारबंद गड्यांतून कुणीतरी, कोण ते कधीच कळलं नाही, पडल्या आवाजात म्हणालं, "दिसतोय थोडा." पूर्वेकडून कुणी म्हणालं, "व्हय, थोडा हाय." ज्यांच्या मुठी तलवारींवर होत्या तेच म्हणायला लागले. घरी जाऊन जेवायची इच्छा त्यांनाही होती. फक्त तसं म्हणायची सोय आजवर कुणी केली नव्हती.

त्या अंधारात मानाजी पाटील उठले. अंधार होता म्हणून उठता आलं, असं सासूबाईंचं म्हणणं. ते तिसऱ्या अंगापाशी आले आणि बैठकीतला आवाज लावून म्हणाले, "सूनबाई, घागर पालथी का?"

ठकू बोलली. मग मंजुळा. मग धुळा मेंढरांचं बोलला, जनाई गाळाचं बोलली, कुठली बाजू कधी सुकते, कुठून उतरलं तर पाय रुततो, बाळंतिणीच्या घरी किती घागरी लागतात, हे सगळं निघालं. पाटील विचारत गेले. खेळोजीही येऊन बसले. मधे कुणी थकून गप्प झालं की कुणीतरी म्हणायचं, बोला, बोला, दिवस हाय अजून. आणि चांदण्या निघालेल्या होत्या.

ठरलं ते असं. पिण्याच्या पाण्याला वार नाही. शेतापुरती पाळी राहील, तीही प्यायचं उरलं तर. बांधाच्या बाजूला तिसरा घाट होईल, तो कुठल्याच गावाचा नाही. तिथं कुणीही, कुठल्याही दिवशी. आणि यापुढं या दोन गावांत कसलीही बोलणी बसली तर तिसरं अंग बसल्याशिवाय पहिली दोन बसणार नाहीत. ओलीस कुणीच ठेवायचा नाही. हे सगळं मान्य झाल्यावर ठकूनं घागर सरळ केली, अंधारात पाण्यात उतरली आणि भरून आणली. तिच्यामागून मंजुळा. दोन्ही पाटलांनी हात बुडवले आणि सूर्याच्या साक्षीनं शपथ घेतली. विसोपंतांनी वेळ शुभ असल्याचं सांगितलं.

मग घाट बांधायला दोन्ही गावं लागली. पाथरवट कुणाच्या गावचा बोलवायचा यावर पुन्हा वाद व्हायला लागला, तेव्हा लोकांनी आपापल्या हातानं दगड आणून बसवले. म्हणून पायऱ्या अशा.

"सगळ्यांचा घाट," आबा म्हणतात आणि काठी खाली ठेवतात. ज्या शेवटच्या पायऱ्या आहेत त्या धोंडनाकाच्या वस्तीनं बसवल्या. पण 'सगळे' या शब्दात ती वस्ती खरोखर येऊन पाणी भरायला लागली ती कितीतरी पिढ्यांनी, आणि तेही सहज नाही. हे आबा सांगत नाहीत. त्या वस्तीतल्या कमलताई सांगतात, आणि शाळेत सांगतात, त्यामुळं आता पोरांना दोन्ही माहीत असतं.

रानबा दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोबरोबर करंजवड्याला गेला. म्हातारा होऊन घरातच, पोरानातवंडांत मेला. खिंडीत त्याचा वीरगळ नाही.

आजही अक्षय्य तृतीयेला दोन्ही गावांतल्या त्या वर्षीच्या नव्या सुना बांधावरच्या घाटावर येतात, घागर पालथी घालतात आणि बसतात. त्यांच्याबरोबर ज्याला काही सांगायचं आहे तो कुणीही बसतो. दोन्ही गावचे सरपंच येऊन प्रत्येकाला विचारतात, घागर पालथी का. नुसतं काही नाही म्हणून चालत नाही. जे असेल ते सांगावं लागतं, आणि त्याचं काय करणार ते सांगितल्याशिवाय सरपंचांना पुढं सरकता येत नाही. शेवटची घागर सरळ होऊन भरेपर्यंत दोन्ही गावांत एकाही घरी दिवा लागत नाही, रस्त्यावरचे विजेचे दिवेसुद्धा बंद ठेवतात. कारण दिवस अजून मावळलेला नसतो.

यंदा मी रांगेत जवळजवळ शेवटी होते. सरपंच माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना दिसत नसणार. त्यांनी विचारलं. मी फारशी बोलत नाही. शब्द जुळवायला मला वेळ लागतो. लोक उभे होते, पोरं पेंगुळली होती, घरोघरी स्वयंपाक खोळंबले होते. मागून कुणीतरी विचारलं, "किती वेळ हाय अजून?"

"बोलू द्या तिला," अंधारातून उत्तर आलं. "ऊन हाय अजून."